बांधलेली घुंगरं

कापसाच्या हंगामात आमच्या अमरावतीत कितीही झाडा, तूस काही संपत नाही. वळचणीला तूस, वरणात तूस, केसांत तूस! हंगाम सरतो, वखारी रिकाम्या होतात, तरी कुठल्या तरी कोनाड्यातून एखादा झुपका भुरभुरत येतोच. किस्स्यांचंही तसंच असतं. ते कुणी जमवत नाही. आपोआप कोपऱ्यात साठतात, आणि आपण दुसरंच काही झाडायला जावं तर नाकात शिरतात.

माझ्याकडे साठलेत ते शेठजींच्या वखारीतल्या हरकाऱ्यांचे किस्से. हरकारे म्हणजे कापसाचा भाव घेऊन पळणारे गडी. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेला एकदम आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. मुंबईचा भाव आधी अकोल्यात पोचायचा. तिथून अमरावतीपर्यंत टप्प्याटप्प्यावर शेठजींचे हरकारे उभे. ज्याचा हरकारा आधी आला, त्यानं बाजार मारला!

हे हरकारे तयार करायचं काम माझ्या वडिलांकडे होतं. अप्पा मूळचे तालमीतले उस्ताद. शेवटचे दोन टप्पे पळायचे कासमभाई आणि माझा मोठा भाऊ नामदेव. कासमभाई विणकराच्या घरातले, चाळिशीला टेकलेले. ते बडनेऱ्यापलीकडच्या विहिरीपासून बडनेऱ्यापर्यंत पळायचे आणि दादा तिथून आमच्या वखारीपर्यंत. दोघं राहायला वखारीतच. स्वयंपाक माझ्याकडे.

आई गेल्यावर मी नागपूरला मावशीकडे वाढले, तिथं मेमसाहेबांच्या शाळेत शिकले. शेठजींनी मुंबईला कालेज निघाल्याचं कुठं तरी ऐकलं होतं. ते आल्यागेल्याला सांगायचे, "ही उस्तादाची पोरगी. कालेजातली!" मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. शिकून मला एक गोष्ट मात्र पक्की आली, काय काय वाईट होऊ शकतं त्याचा आधीच विचार करत बसायचं! भांडं पडलं तरी मी दचकते. हरकाऱ्याच्या काठीला घुंगरं असायची, वाटेतली माणसं-जनावरं बाजूला व्हावीत म्हणून. ती वाजली की माझ्या हातून काही तरी सांडलंच म्हणून समजा. कासमभाई म्हणायचे, "नामदेव आला हे बाजाराले घुंगरावरून समजते. आमाले सगुणाबाईच्या पातेल्यावरून!"

*

अप्पांचं म्हणणं असं, की जोर काढायला कोणीही शिकवतो. "थांबायले शिकवते, थो उस्ताद."

एक दिवस दमाचा, एक दिवस सैल, मग एक दिवस विसावा, अशी त्यांची बांधणी. मला वाटलं आपल्या शिक्षणाचा काही तरी उपयोग व्हावा. मेमसाहेबांच्या शाळेत असायचं तसं एक टाइमटेबल मी गेरूनं भिंतीवर काढलं. दमाच्या चौकटीत डोंगर, सैलच्या चौकटीत झाड. विसाव्याची चौकट रिकामी.

शेठजी बघायला आले. खूश झाले. "वा बाई! गंज झकास!" मग त्यांचं बोट रिकाम्या चौकटीवर येऊन थांबलं. "इथं गेरू सरला का?"

"थो विसावा हाये, शेठजी," अप्पा म्हणाले.

"म्हंजे यात काईच नाई?"

"काईच नाई."

शेठजी बराच वेळ त्या चौकटीकडं बघत राहिले. एखाद्याचं पडीक वावर बघावं तसं. मग हळूच मला म्हणाले, "एवढी जागा वाया चालली, बाई. बारीक-सारीक काई तरी टाक ना इथं!"

*

त्याच आठवड्यात ते अप्पांना हाताला धरून गठाणी बांधायच्या यंत्राकडे घेऊन गेले. पेटी कापसानं तुडुंब भरली होती.

"भरली वाटते ना, उस्ताद? आता पाय."

गड्यांनी मोठा दांडा फिरवला. कापूस खाली गेला. वरून आणखी भरला. पुन्हा दांडा फिरवला, पुन्हा भरला.

"पायलं? दाबलं की जागा होते! मानसाचंबी असंच हाये. तुमी दाबतच नाई."

अप्पांनी गठाणीभोवती आवळत चाललेल्या दोरांकडे बोट केलं. "हे काहून बांधता, शेठजी?"

"नाई बांधलं तं फुटते ना बाप्पा!"

"मंग माह्या पोट्ट्याइले," अप्पा म्हणाले, "कोनता दोर बांधू?"

*

आमच्याकडे भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून सांगायचा, म्हणजे शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. हरकारेही तसंच करायचे. एकानं पळत यायचं, दुसऱ्याच्या बोटांत भाव द्यायचा, काठी द्यायची आणि दुसऱ्यानं सुटायचं. शेवटच्या दोन टप्प्यांसाठी कासमभाईंचा एक रुमाल होता, निळ्या चौकटीचा, त्यांच्या घरच्या मागावरचा. दादा चिडवायचा, "भाई, याचा वास तं धुवा!" ते म्हणायचे, "वास गेला तं भाव उतरंल!"

सरावाच्या दिवशी मात्र रिकाम्या हातानं पळायचं. शेठजींना हे सोसेना. मोकळा माणूस मोकळा पळतोय म्हणजे काय! त्यांची लेक बडनेऱ्याला दिलेली. मग सैल सरावाच्या दिवशी तिकडं पापड जायला लागले, तिकडून वड्या यायला लागल्या. एकदा दादा लोणच्याची बरणी पोटाशी धरून धापा टाकत बाजारात शिरला. घुंगरं ऐकून एक दलाल धावला. दादाचा हात धोतराच्या सोग्याखाली खेचला आणि कुजबुजला, "भाव काय आनला?"

दादा म्हणाला, "कैरीचा इचारता, का लिंबाचा?"

*

विसाव्याच्या दिवशी कासमभाई घरी गेले की त्यांची बीबी त्यांच्याकडून छप्पर शाकारून घ्यायची. दुसऱ्या दिवशी ते पळण्याऐवजी लंगडायचे. म्हणून अप्पांनी फर्मान काढलं, विसावा वखारीतच घ्यायचा. आणि विसाव्यावर पहारा कोणाचा? माझा!

मी दाराशी बसले. दोघं आडवे. दोघांनी चार कुशी बदलल्या. मग दादा म्हणाला, "भाई, पंजा लढवता?" मी म्हटलं, नको. ते म्हणाले, पडूनच लढवतो. पंजातून कुस्ती निघाली. मी ओरडले, कुणी ऐकलं नाही. आवाज ऐकून अप्पा आले तेव्हा कासमभाई मनगट धरून बसले होते.

"उस्ताद," ते फार गंभीरपणे म्हणाले, "आराम लय कठीन काम हाये. याचाबी सराव पाह्यजे."

*

यानंतरचे किस्से मी सहसा सांगत नाही. पण तूस झाडायलाच घेतलंय.

रिकाम्या हातानं पोट्टे रमतगमत पळतात, असं शेठजींच्या मनानं घेतलं. "खोटा का होईना, सरावालेबी भाव द्या! हातात काई असलं की पाय उचलते." अकोल्याच्या त्यांच्या एजंटानं हुकूम पाळला. कल्पना लढवून असा चढा भाव दिला, की आजवर कुणी ऐकला नव्हता.

दादा घुंगरं वाजवत आला. शेठजींच्या मुनीमजींनी रुमालाखाली हात घेतला. आज सराव आहे हे ते विसरले. त्यांचे डोळे मोठे झाले. बाजारानं मुनीमजींचे डोळे पाहिले. तेवढं पुरलं! गाड्या घेऊन आलेले शेतकरी, उद्या आणखी चढेल म्हणून, बैल वळवून परत निघाले. दलालांनी आरडाओरडा मांडला. शेठजी जेवून आले, गर्दी पाहिली, घाबरले, आणि हाताला लागेल तो कापूस त्याच भावानं घेत सुटले. आपणच सोडलेल्या खोट्या भावानं त्यांनी अख्खी वखार भरली!

कासमभाई टेकून बसले होते. म्हणाले, "शेठजी, सराव पक्का झाला."

मग अप्पांनी नियम केला. सरावाच्या दिवशी अकोल्यातूनच घुंगरांवर पांढरी चिंधी बांधून काठी सोडायची. वाजायचीच नाहीत. म्हणजे बाजारालाही कळलं आणि हरकाऱ्यालाही. "घुंगरं बांधली असली अन् छातीत कळ आली, तं बसायचं. पानी प्यायचं. चालत यायचं. मोकळी असली तं मंग देवाचं नाव घ्यायचं अन् पळायचं."

किती साधी गोष्ट! पण त्या दिवसांत दादाचं अंग भरलं. कासमभाई पळून आल्यावरही गाणं म्हणायचे. मीसुद्धा कमी सांडायचे.

*

घुंगरं बांधलेली असली की बाजारात मान वर करून कुणी बघत नाही, हे शेठजींच्या लक्षात आलं. बरेच दिवस त्यांनी ते मनात घोळवलं. मग एक दिवस अप्पांना आत बोलावलं. मी पाण्याचं भांडं घेऊन दाराशी होते.

"आतापासून कदी कदी खरा भावबी बांधलेल्या घुंगरानं येईल. कोनाले खबर नाई, अन् आपला मुनीम गुपचूप माल घेऊन मोकळा! कोनता दिवस खरा, हे मले अन् अकोल्याच्या एजंटाले ठाव."

अप्पांनी आपला दुखरा गुडघा चोळला. मग म्हणाले, "मंग पोट्ट्याइनं केव्हा बसावं?"

"बसू नका म्हनलो का मी? खुशाल बसा! फकत खरा भाव असला तं बसू नका."

"पन खरा हाये हे त्याइले कसं समजंल?"

शेठजींना हसू आलं. "त्याइले समजलं तं मंग गुपित कायचं, उस्ताद?"

आणि बाहेर कुणाला एक शब्द बोलायचा नाही, हेही बजावलं. बाजाराला कळलं तर सगळी युक्तीच फुकट.

त्या दिवसापासून वाटेत कुणी बसलं नाही.

*

आमच्याकडे एक कुत्रा होता, भुऱ्या. बघता बघता तो असा जाड झाला की उठताना कण्हायला लागला. सगळ्यांना मजा. अप्पा म्हणायचे, "याले एक टप्पा द्या रे!"

अप्पांची आणखी एक पारख होती. सकाळी न्याहारीला ज्याची भाकर ताटात उरली, त्याचं अंग थकलं. त्याला त्या दिवशी पळवायचं नाही, त्याचा टप्पा दुसऱ्यानं घ्यायचा. कासमभाईंचा टप्पा अर्थातच दादावर यायचा. पण कासमभाईंचं ताट नेहमी पुसून लख्ख. मी अप्पांना रोज तसंच सांगायचे.

एकदा शेठजी म्हणाले, "काय हो, कुत्रं एवढं तब्येतीनं हाये, मंग हरकारे काहून वाळून राहिले?"

कासमभाई खोकत खोकत हसले. "थो सराव करत नाई ना, शेठजी!"

पुढचं मला दादानं सांगितलं, तेही एकदाच. दुपार होती. घुंगरं बांधलेली. कासमभाई बडनेऱ्याला आले, उभे न राहता खालीच बसले. रुमाल अंथरला, दादाचा हात घेतला. बोटं एकेक करून नीट दाबली, भाव पुरा दिला. आणि हात सोडला नाही.

दादा म्हणाला, "भाई, सोडा ना. टाइम होऊन राहिला."

मग त्यानं त्यांचं एकेक बोट उकलून आपला हात काढला. माणसं धावत येत होती. दादानं काठी उचलली आणि रुमाल घेऊन पळत सुटला. न जाणो, खरा असला तर!

वखारीत येऊन त्यानं शेठजींच्या बोटांत भाव दिला. शेठजींनी बोटं चाचपली, आणि हात झटकून म्हणाले, "अरे, एवढा काहून धापा टाकून राहिला? आज तं सराव व्हता!"

दुसऱ्या दिवसापासून भुऱ्या न्याहारीच्या वेळी कासमभाईंच्या जागेपाशी येऊन बसायला लागला. मी आणि अप्पा त्याच्याकडं बघत राहिलो. 

*

नवा गडी मिळेना. "हंगाम सरू दे, मंग पाहू," शेठजी म्हणाले. दादा दोन्ही टप्पे पळायला लागला. विहिरीपासून थेट वखारीपर्यंत. कासमभाईंचा निळ्या चौकटीचा रुमाल त्यानं कमरेला गुंडाळला होता, तो पळताना काढायचा नाही, झोपतानाही नाही.

भुऱ्या दरम्यान वाळला होता. एके सकाळी मी भांडी घासायला बसले आणि माझ्या हातातला तांब्या निसटला. भुऱ्याच्या अंगावर पुन्हा तकाकी दिसत होती.

मी दादाला गाठलं. "दादा, भाकर कुठं जाते तुझी?"

"पोटात."

"कुणाच्या?"

तो जोड्याचा बंद आवळत बसला. मग म्हणाला, "सगुने, मी बसलो तं अप्पा पळतीन. त्याइचा गुडघा पायला ना तू?"

मी तरीही अप्पांना सांगितलं. कसं नाही सांगणार! अप्पा तसेच लंगडत शेठजींकडे गेले. शेठजींनी मला हाक मारली. "बाई, नामदेवाचं ताट कसं असते?"

"पुसलेलं," मी म्हटलं. "पण शेठजी—"

"झालं तं मंग! तुमचाच नियम हाये, उस्ताद."

*

आता शेवटचा.

बाजार सकाळपासून फुललेला. गाड्यांची रांग पार नाक्यापर्यंत. भाव चढेलच, या हिशेबानं शेठजी दारात उभे राहून येईल ती गाडी आत घेत होते. मी चुलीपाशी कान लावून बसले होते. घुंगरं वाजली तर खरा भाव, नाही वाजली तर काय ते देव जाणे. काहीच वाजत नव्हतं. दादाची यायची वेळ झाली. टळली. मी भाजी दोनदा फोडणीला टाकली. अप्पा उंबऱ्यावर येऊन बसले, आणि मग उठून धोतराचा काचा मारायला लागले. मी त्यांचा हात धरला.

उन्हं कलायला लागली तेव्हा घुंगरं वाजली. मी धावत दाराशी गेले. आमची नव्हती. बाजारातल्या दुसऱ्या एका शेठचा हरकारा आला होता. रुमालाखाली हात गेले. आणि मग जो गलका उठला! अमेरिकेतली लढाई थांबली होती. भाव पार तळाला गेला होता. जो तो गाडी वळवायला बघत होता, बैल एकमेकांत अडकत होते. आणि शेठजींनी सकाळपासून घेतलेला कापूस त्यांच्या मागं छताला टेकला होता.

त्या गलक्यातून दादा आला. चालत. काठी खांद्यावर, तोंड धुतलेलं, कपाळाचे केस ओले. कधी नव्हे ते त्याचे डोळे मला स्वच्छ दिसले. काठीची घुंगरं बांधलेली होती.

शेठजी अनवाणी धावले. "कुठं मेला व्हता बे?"

"छातीत कळ आली, शेठजी. विहिरीपाशी बसलो. पानी पेलो, भाकर खाल्ली. जराक डोळा लागला." त्यानं त्या दुसऱ्या हरकाऱ्याकडं पाहिलं. "थोबी लय दमून आला व्हता. त्यालेबी पानी पाजलं."

"अरे, पन भाव! भाव व्हता ना तुह्या हातात!"

"व्हता जी. पन एवढा पडलेला, मले वाटलं कोनी गंमत केली." दादानं काठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "अन् घुंगरं तं बांधलेली व्हती. म्हंजे सरावच."

भोवती सगळे दलाल उभे होते. त्यातला एक पुढं झाला. "काहून शेठजी? बांधलेल्या घुंगरानं तुमी कदी खरा भाव आनता का?"

शेठजींनी तोंड उघडलं. दलालांकडं पाहिलं. दादाकडं पाहिलं. तोंड मिटलं.

"नाई," ते म्हणाले. "सरावच व्हता."

दादा आत आला आणि आडवा झाला. माझ्या पहाऱ्याशिवाय. अप्पा त्याच्या पायाशी बसले. मला म्हणाले, "चिंधी सोड, काठी ठेवून दे."

अकोल्याहून येणारी चिंधी नेहमी पांढऱ्या मांजरपाटाची असायची. ही निळ्या चौकटीची होती.